घसा धरलाय, बसलाय की सुजलाय? काढा, गुळण्या आणि गोळ्यांचा हिशेब

ऑगस्ट संपत आला की आमच्या औषधाच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. "घशाचं काहीतरी द्या." मी विचारतो, घशाला नेमकं काय होतंय? निम्मे लोक या प्रश्नानं वैतागतात. घसा म्हणजे घसा, त्यात नेमकं काय असतं!

आपल्या भाषेत मात्र हे नेमकेपण आधीपासून आहे. घशात खवखव होते, घसा धरतो, घसा बसतो, घसा सुजतो, घशाला कोरड पडते, आवंढा गिळवत नाही. ही एकाच दुखण्याची नावं नव्हेत. खवखव बहुधा वरच्या भागात असते: नाकातून मागे उतरणारं पाणी, धूळ, ॲलर्जी किंवा सर्दीची चाहूल. आवंढा गिळताना सुई टोचल्यासारखं होतं तेव्हा घशाची मागची भिंत नाहीतर टॉन्सिल सुजलेले असतात. घसा बसतो तेव्हा भानगड आणखी खाली, स्वरयंत्रात असते. आणि रोज सकाळी उठल्यावर घसा जळजळत असेल, तोंडाला आंबट चव असेल, तर रात्री जठरातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता मोठी. उपाय ठरवण्याआधी एवढी फोड केली तर बरेच पैसे वाचतात. माझ्या गल्ल्याचं नुकसान होतं, ते सोडा.

कारण उपाय कुठवर पोचतो, हे महत्त्वाचं. गुळण्यांचं पाणी फार तर पडजिभेच्या आसपास घुटमळतं. स्वरयंत्रापर्यंत ते जात नाही, जाऊही नये, गेलं तर ठसका लागेल. त्यामुळे आवाज बसलेल्या माणसानं दिवसभर गुळण्या करून उपयोग नाही. त्याला गप्प बसणं हाच इलाज. कुजबुजणंसुद्धा नको, त्यानं स्वरतंतूंवर उलट ताण येऊ शकतो. शाळेतल्या बाईंना, भाजीवाल्याला आणि निवडणुकीतल्या कार्यकर्त्याला हे सांगणं सोपं, पाळणं अवघड.

आता मुख्य प्रश्न. दुखरा घसा बरा कोण करतं?

मोठ्या माणसांत दहातल्या आठ-नऊ वेळा घसादुखीच्या मुळाशी विषाणू असतात, तेच सर्दी-पडशाचे. विषाणूवर ॲंटिबायोटिक चालत नाही. सर्दीच्या या विषाणूंना मारेल असं काढ्यातलंही काही आजवर सिद्ध झालेलं नाही. शरीर त्यांचा बंदोबस्त स्वतः करतं आणि त्याला साधारण आठवडा लागतो. ॲंटिबायोटिकच्या चाचण्यांमध्ये ज्यांना खऱ्या औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यातलेही ८० टक्क्यांहून जास्त लोक आठवड्याभरात बरे झालेले आढळले. ज्यांना खरं ॲंटिबायोटिक मिळालं, त्यांचं दुखणं सरासरी किती लवकर संपलं? सुमारे १६ तास.

हा आकडा डोक्यात ठेवा, कारण घरगुती की डॉक्टरी हे भांडण इथेच निम्मं मिटतं. माणूस काढा कधी घेतो? दुखणं असह्य झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. विषाणूच्या घसादुखीला उतार कधी पडतो? तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आजीचा काढा जिंकतो, शेजारच्यांची तीन दिवसांची गोळी जिंकते, आणि ज्यानं काहीच घेतलं नाही तोही शनिवारी ठणठणीत असतो. त्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

मग सगळेच उपाय फोल का? नाही. बरं करणं वेगळं आणि सुसह्य करणं वेगळं. घसा दुखतो तो सुजेमुळे. पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. घशाची संवेदना नेणाऱ्या नसेची एक फांदी कानाकडेही जाते, म्हणून गिळताना कानात कळ येते आणि लोक कानात तेल घालून बसतात. ही सूज आणि हळवेपणा चार दिवस कमी करता आला तर माणूस जेवतो, झोपतो. तेवढ्यासाठी उपाय करायचे.

स्वयंपाकघरातून सुरुवात करू.

मिठाच्या गुळण्या. यात कुणाला फसवता येत नाही आणि खर्च नाही, म्हणून मला त्या आवडतात. शरीरातल्या द्रवाइतकं खारट पाणी म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर कोमट पाण्याला ते २ ग्रॅमच्या आत येतं. चहाचा चमचा साधारण एक तृतीयांश भरा. थोडं अधिक पडलं तर सुजलेल्या भागातलं पाणी ओढलं जाऊन हलकं वाटतं. मूठभर टाकलं तर घसा चरचरतो आणि आणखी कोरडा पडतो. गुळण्यांच्या बाबतीत जपानमधली एक चाचणी मजेशीर आहे. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. ३८७ निरोगी लोकांचे तीन गट केले: एक साध्या पाण्यानं रोज गुळण्या करणारा, दुसरा पोव्हिडोन आयोडीनच्या औषधी द्रावणानं करणारा आणि तिसरा नेहमीसारखा वागणारा. सर्दी-घसादुखीचं प्रमाण साध्या पाण्याच्या गटात तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालं. आयोडीनच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ती तपकिरी बाटली रोजच्या सवयीची करू नका, विशेषतः थायरॉइडचा त्रास असेल तर.

गरम पेय. २००८ साली ब्रिटनमधल्या कार्डिफला सर्दी झालेल्या ३० जणांवर एक छोटा प्रयोग झाला. फळाचं तेच सरबत गरम दिलं तेव्हा नाक, खोकला, घसा, थकवा, थंडी वाजणं, सगळ्यातच लगेच आराम वाटला. खोलीच्या तापमानाचं दिलं तेव्हा घसादुखी आणि थकव्यात तसा आराम नव्हता. गोड आणि तिखट चवींनी लाळ सुटते, घशावर ओलसर थर बसतो. आलं, गवती चहा, तुळस, खडीसाखर, पिंपळी, ज्येष्ठमध, तोंडात धरलेली बेहड्याची साल या सगळ्यांचं बरंचसं काम या लाळेतून होतं असं मला वाटतं. लवंगेत युजेनॉल असतं, ते थोडं बधिर करतं. दाढदुखीला लवंग धरायची ती त्याचसाठी.

मध. खोकल्यासाठी मधाचा पुरावा घरगुती उपायांत त्यातल्या त्यात बरा आहे. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर काहीच न देण्यापेक्षा मध सरस ठरलेला आहे. घशाला थर मिळतो आणि झोप लागते. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. बाळाच्या जिभेवर मध लावणारी पिढी घरात असेल तर हे जरा ठामपणे सांगावं लागतं.

आता हळद. हळदीवर बोलायचं म्हणजे भावना दुखावण्याची तयारी हवी. "अमेरिकेनं हळदीचं पेटंट घ्यायचा प्रयत्न केला होता, उगाच?" असं मला काउंटरवर ऐकवलं जातं. खरं आहे, १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेनं लढून १९९७ साली ते रद्द करवलं. पण ते रद्द झालं ते 'ही गोष्ट भारतात आधीपासून माहीत आहे' म्हणून. हळद घशाला किती लागू पडते, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

हळदीतलं ज्याचं कौतुक होतं ते कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम ३ टक्क्यांच्या घरात असतं. चमचाभर, समजा ३ ग्रॅम हळद दुधात घातली तर ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर माणसात हे शोषण वीसपट वाढतं. पण तिथे दिलेलं कर्क्युमिन २ ग्रॅम होतं, म्हणजे वरच्या हिशेबानं वीसेक चमचे हळद. हळदीच्या दुधानं रात्री बरं वाटतं, यात मला शंका नाही. त्यात गरम दुधाचा वाटा किती, साखरेचा किती आणि आईच्या हाताचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

ज्येष्ठमधाचं प्रकरण जास्त रंजक आहे. त्याच्या गुळण्यांवर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. भारतात २००९ साली ४० रुग्णांवर आणि व्हिएन्नात २०१३ साली २३६ रुग्णांवर झाल्या आणि दोन्हीकडे घसादुखी लक्षणीय कमी झाली. फक्त ते रुग्ण सर्दीचे नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, तिच्या घासण्यानं नंतर घसा दुखतो, त्यावरच्या या चाचण्या. घासलेला घसा आणि विषाणूनं सुजलेला घसा एकच नव्हे, पण सूज दोन्हीकडे असते, म्हणून ज्येष्ठमधाला मी 'शक्य आहे' या खान्यात ठेवतो. त्याचीही किंमत आहे. रोज, आठवडेच्या आठवडे चघळलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी दोन-चार दिवसांपलीकडे जाऊ नये.

'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य इथेच अडखळतं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले ६ रुग्ण आढळले. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असंही म्हटलं. तसं असेल तरी घेणाऱ्याच्या दृष्टीनं फरक काय? बाजारातून आणलेल्या काड्यांवर नाव लिहिलेलं नसतं. काढ्यात सुंठ-मिरी सढळ हातानं घातल्यानं छातीत जळजळ होते, आम्ल वर येतं आणि त्यानंच घसा पुन्हा धरतो. हे चक्र मी करोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ पाहिलं. वाफाऱ्याचंही तसंच. नाक थोडं मोकळं वाटतं, घशाला विशेष फायदा नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाच्या अंगावर सांडलं की मग पळापळ.

दुकानातल्या फळीवर

घरगुती आणि डॉक्टरी यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नाही. अडुळशाचंच बघा. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं अँब्रॉक्सॉल होतं, आणि अँब्रॉक्सॉल तर चांगलं बधिर करणारं निघालं. युरोपात ते २० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळीत खास घसादुखीसाठी मिळतं. म्हणजे आजीचा अडुळसा आणि आमच्या फळीवरचं खोकल्याचं औषध एकाच घराण्यातले. फरक इतकाच की गोळीत किती आहे ते लिहिलेलं असतं, पानात किती आहे ते पाऊस, जमीन आणि तोडणी ठरवते. (गरोदर बायकांनी अडुळसा घेऊ नये, व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.)

दुखण्यावर सगळ्यात भरवशाचं अजूनही साधं पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास, आणि दिवसात सगळी मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. घोळ होतो तो सर्दीच्या तयार गोळीमुळे. तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. माणूस सकाळी 'तापाची' आणि दुपारी 'सर्दीची' घेत राहतो आणि यकृतावर दुप्पट ओझं टाकतो. पाकिटावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसेल तर आम्हाला विचारा, त्यासाठीच आम्ही बसलोय.

आयबुप्रोफेन सुजेवर जास्त चांगलं चालतं. पण पावसाळ्यात ताप असेल तर मी ते हातात देत नाही. ताप डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच बरं. चघळायच्या गोळ्यांनी तास-दोन तास आराम पडतो. लहान मुलांना त्या देऊ नयेत, घशात अडकतात.

आणि लहान मुलांची सरबतं. यात मी कडवट होतो. २०२३ च्या अखेरीस औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं बजावलं. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली बरीच नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन होतं. ज्या सर्दी-खोकल्यासाठी ते दिलं होतं, त्याला बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते. तेव्हा काढ्याला 'अशास्त्रीय' म्हणताना आपल्या बाटलीकडेही बघावं.

मग ॲंटिबायोटिक कधी?

१६ तासांसाठी ते घ्यायचं नाही, हे उघड आहे. पण एक घसादुखी अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष महागात पडतं. 'अ' गटातल्या स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूची. शाळकरी मुलांच्या घसादुखीत तिचं प्रमाण वीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातं. घसा तर त्यातही आपोआप बरा होतो, फसगत तीच आहे. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे आळीपाळीनं सुजतात, ताप येतो. हा संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर. जिवाणूच्या आवरणातली प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखी असतात, आणि जिवाणूशी लढणारं शरीर चुकून हृदयाच्या झडपांवरही हल्ला चढवतं. हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. सांध्यांचं दुखणं जातं, झडपेचं राहतं. पंचविशीत बाळंतपणाच्या वेळी धाप लागते तेव्हा कुणाला आठवतं, की आठव्या वर्षी घसा दुखला होता?

हे टाळता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावर जवानांमध्ये या घसादुखीच्या साथी यायच्या. तिथेच पहिल्यांदा दिसलं की वेळेवर पेनिसिलीन दिलं तर पुढचा संधिवाताचा ताप बहुतांशी येत नाही. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत सुरू केलं तरी चालतं, त्यामुळे एक-दोन दिवस थांबून डॉक्टरांना दाखवायला वेळ असतो. कोर्स १० दिवसांचा. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं तरी पूर्ण करायचा, कारण तो घशासाठी नसतोच, हृदयासाठी असतो.

डॉक्टर ओळखतात कसं? चार खुणा बघतात. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू आहे का, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आल्यात का, आणि खोकला *नाही* ना. शेवटची खूण लोकांना उलटी वाटते. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर विषाणूचीच शक्यता जास्त. चारही खुणा जुळल्या तरी खात्री निम्म्याच्या आसपासच असते, म्हणून शक्य तिथे घशात कापसाचा बोळा फिरवून तपासणी करतात.

आता गंमत बघा. पेनिसिलीन या जिवाणूवर चाललं नाही, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. भारतात पेनिसिलीन बनवण्यासाठी १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ते हे जुनं, स्वस्त औषध. आणि लोक माझ्याकडे मागतात काय? तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन. २०१९ सालच्या खपाच्या अभ्यासात भारतात सगळ्यात जास्त घेतलं गेलेलं ॲंटिबायोटिक अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी होतं. त्याला न जुमानणारे स्ट्रेप्टोकॉकस मात्र आहेत. विषाणूवर ते चालत नाही, जिवाणूवर ते पहिली पसंती नाही (पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्यांना ते देतात), आणि तरी गिऱ्हाईक पाकिटाचा रंग सांगून मागतं. त्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कोणी दिलं तर घेऊ नका.

डॉक्टरांकडे धावायचं कधी, तेही सांगून टाकतो. श्वास घ्यायला त्रास, श्वास घेताना घरघर, थुंकीसुद्धा गिळवत नाही म्हणून लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, एकाच बाजूला सूज आणि आवाज गरम बटाटा तोंडात असल्यासारखा: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसला आणि मान सुजली तर घटसर्पाची शंका घ्यायची. तो इतिहासजमा झालेला नाही. मुलाच्या लशीचे दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर, दहा आणि सोळा वर्षांचे डोस राहिले असतील तर आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन या. ताप तीन दिवसांत उतरला नाही, अंगावर पुरळ आलं, तरी दाखवायचं.

राहिला तो न दुखणारा घसा. तंबाखू किंवा विडीचं व्यसन असलेले एक गृहस्थ दर आठवड्याला माझ्याकडून ज्येष्ठमधाच्या कांड्या न्यायचे. घसा बसलाय म्हणायचे, दुखत नाही म्हणायचे. पाचव्या वेळी मी कांड्या दिल्या नाहीत, कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर दुर्बिणीनं स्वरयंत्र बघावंच लागतं. ते माझ्यावर रागावले, आणि पत्त्याची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.